दात वाचवणारे डॉक्टर : रफिउद्दीन अहमद

मुलांनो, आज घरी गेल्यावर मोठ्या माणसांना एक प्रश्न विचारा. त्यांच्या तोंडात दात किती आहेत? माणसाला बत्तीस दात असतात, हे सर्वांना पाठ असते. पण स्वतःचे किती उरले, हे फारसे कोणी मोजत नाही. आजी कदाचित हसून तुम्हांला आपली कवळी दाखवील. केस पिकतात तसे दात पडायचेच, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत खरी नाही. दात नीट सांभाळले तर ते म्हातारपणीही टिकतात.

शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात दाढ ठणकू लागली, तर बहुतेक लोक कोणाकडे जात? कोणी न्हाव्याकडे जात, तर कोणी रस्त्याच्या कडेला चिमटे आणि बाटल्या मांडून बसलेल्या माणसाकडे जात. तो माणूस कोणत्याही शाळेत शिकलेला नसे. दुखणारा दात उपटून टाकणे एवढाच इलाज त्याला ठाऊक असे. हत्यारे उकळून घेण्याची पद्धत नव्हती. दात काढल्यावर जखम चिघळली, तर रोग्याच्या जिवावरही बेतत असे. दंतवैद्यक शिकवणारे एकही महाविद्यालय तेव्हा भारतात नव्हते.

ते महाविद्यालय ज्यांनी काढले, त्या डॉ. रफिउद्दीन अहमद यांची ही हकीकत आहे.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमधील एका गावात झाला. तो भाग आज बांगलादेशात आहे. शिक्षणासाठी ते अलीगढला आले. सर सय्यद अहमद खान यांनी स्थापन केलेल्या तेथील महाविद्यालयाचे नाव तुम्ही ऐकले असेल. पुढे १९२० मध्ये त्याचेच अलीगढ मुस्लीम विद्यापीठ झाले. अलीगढचे शिक्षण संपवून १९०९ मध्ये तरुण रफिउद्दीन अमेरिकेला निघाले. त्या काळी हा प्रवास बोटीने करावा लागे आणि त्यात कित्येक आठवडे जात. परदेशी जाणारे हुशार तरुण बहुधा बॅरिस्टर होऊन परत येत. रफिउद्दीन मात्र आयोवा विद्यापीठात दाखल झाले आणि १९१५ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले.

तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. डॉ. अहमद अमेरिकेतच राहिले आणि बोस्टन शहरातील फोर्सिथ दवाखान्यात काम करू लागले. हा दवाखाना दोन भावांनी आपल्या मृत भावांच्या स्मरणार्थ बांधला होता. १९१४ मध्ये तो सुरू झाला. तो फक्त मुलांसाठी होता आणि तेथे गरिबांच्या मुलांचे दात तपासले जात. १९१८ पर्यंत डॉ. अहमद तेथे होते.

तुम्ही म्हणाल, मुलांच्या दातांसाठी एवढा मोठा दवाखाना कशाला हवा? दुधाचे दात तर पडणारच असतात! येथेच अनेक घरांत चूक होते. दुधाचे दात वीस असतात. साधारण सहाव्या महिन्यापासून ते येऊ लागतात. पुढे येणाऱ्या पक्क्या दातांसाठी ते जागा राखून ठेवतात. दुधाची दाढ किडून लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. मग पक्का दात वाकडा येतो किंवा आतच अडकून बसतो. शिवाय दाढ दुखत असताना मूल नीट जेवत नाही, झोपत नाही. मग शाळेत त्याचे लक्ष कोठून लागणार?

आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या धाकट्या भावंडांना तिचा उपयोग होईल. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही. त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच दाढ वाटते. किडली तरी काय बिघडले, असे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. पण ती पक्की दाढ असते! ती जन्मभर पुरायची असते. एकदा गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. तिच्यावर खोल खाचा असतात, त्यांत अन्न अडकते आणि कीड तेथूनच सुरू होते.

कीड म्हणजे तरी काय? दातात किडा शिरतो, असे आपले पूर्वज मानत. खरे पाहता किडा वगैरे काही नसतो. आपल्या तोंडात नेहमीच असंख्य जंतू असतात. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात ते राहतात. आपण गोड खाल्ले की त्या साखरेपासून ते आम्ल तयार करतात. हे आम्ल दातावरचे कठीण आवरण थोडे थोडे विरघळवते. साधारण अर्ध्या तासाने आपली लाळ हे आम्ल सौम्य करते आणि दाताची झीज हळूहळू भरून काढू लागते. म्हणजे तोंडात झीज आणि भरपाई रोज चालूच असते. जो दिवसभर गोळ्या चघळतो, त्याच्या लाळेला भरपाई करायला वेळच मिळत नाही. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच, ती दिवसातून किती वेळा खाल्ली, हेही महत्त्वाचे असते. जेवणाबरोबर खाल्लेली मिठाई एक वेळ चालेल, पण तासातासाला तोंडात टाकलेली चॉकलेटची गोळी जास्त नुकसान करते. झोपेत तर लाळ फारच कमी सुटते. त्यामुळे बाळाला दुधाची किंवा साखरपाण्याची बाटली तोंडात देऊन झोपवणे हे दात किडवण्याचे हमखास साधन आहे.

या सुरुवातीच्या काळात दात मुळीच दुखत नाही. दुखू लागतो तेव्हा कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचलेली असते. मुलांना दुखत नसतानाही दवाखान्यात आणून तपासायचे ते यासाठीच.

युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, डॉ. अहमद भारतात परतले आणि कलकत्त्यात राहू लागले. आपल्या लोकांना दात घासण्याची सवयच नव्हती, असे मात्र समजू नका. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावून तिचे दातवण करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पिलूच्या झाडापासून मिळणारी मिसवाक तर तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. नीट वापरली तर ही साधने चांगलीच आहेत. फक्त ती समोरच्या दातांवर चार वेळा फिरवून भागत नाही. मागच्या दाढाही घासाव्या लागतात. उणीव होती ती दुसरीच. दात बिघडला तर तो वाचवता येतो, हे सांगणारे आणि वाचवून दाखवणारे फारच थोडे होते.

असे लोक तयार करायचे म्हणजे महाविद्यालय हवे आणि महाविद्यालयाला पैसे हवेत. ते कोठून आणायचे? डॉ. अहमद यांनी शोधलेला मार्ग वाचून तुम्हांला हसू येईल. त्यांनी कलकत्त्यात न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचे दुकान उघडले. सोडा फाउंटन म्हणजे सोडा, सरबत आणि आइस्क्रीम मिळण्याचे ठिकाण. अमेरिकेत अशी दुकाने गल्लोगल्ली होती आणि कलकत्त्याला त्यांची नवलाई होती. या दुकानाच्या कमाईवर डॉ. अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्ता डेंटल कॉलेज सुरू केले. भारतातील हे पहिले दंतवैद्यक महाविद्यालय. साखरेने आजवर लाखो दात बिघडवले असतील. येथे मात्र त्याच साखरेच्या पैशावर दात वाचवायला शिकवणारी शाळा चालली!

सुरुवातीला विद्यार्थी मोजकेच होते. दात काढणे हे न्हाव्याचे काम, असे मानणाऱ्या समाजात कोणते आईबाप आपल्या मुलाला तेथे पाठवणार? पण डॉ. अहमद यांनी चिकाटी सोडली नाही. या महाविद्यालयात शिकलेल्यांमध्ये एक तरुणी होती. तिचे नाव फातिमा जिन्ना. १९२३ मध्ये तिने मुंबईला अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्वतःचा दवाखाना उघडला. त्या काळी एका मुलीने दंतवैद्य होऊन स्वतंत्र दवाखाना चालवणे ही केवढी धाडसाची गोष्ट होती! खुद्द मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतवैद्यक महाविद्यालय निघायला १९३३ साल उजाडावे लागले.

विद्यार्थी आले तरी पुरेशी पुस्तके नव्हती. १९२५ मध्ये डॉ. अहमद यांनी दंतवैद्यकाचे एक नियतकालिक सुरू केले आणि पुढे कित्येक वर्षे त्याचे संपादन केले. १९२८ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक लिहिले. त्याचा विषय ध्यानात घेण्यासारखा आहे. किडलेला भाग कोरून काढणे, दात भरणे आणि तो पुन्हा चावण्याजोगा करणे, म्हणजेच दात न उपटता तोंडातच ठेवणे, हे त्या पुस्तकात शिकवले होते.

तरीही रस्त्यावरचा चिमटेवाला होताच. कोणीही उठावे आणि दंतवैद्याची पाटी लावावी, याला कायद्याची आडकाठी नव्हती. डॉ. अहमद आणि त्यांचे सहकारी यासाठी बरीच वर्षे झगडले. १९३९ मध्ये बंगालमध्ये दंतवैद्यांची नोंदणी करणारा कायदा झाला. १९४८ मध्ये सबंध देशासाठी तसा कायदा झाला. मला विचाराल, तर महाविद्यालयाइतकेच हेही काम मोठे आहे. महाविद्यालयातून वर्षाला थोडेच डॉक्टर बाहेर पडतात, पण कायद्याचा आधार खेड्यातल्या रोग्यालाही मिळतो.

एक शोध मात्र डॉ. अहमद शिकत असताना लागायचा होता. अमेरिकेतील काही गावांत लोकांच्या दातांवर तपकिरी डाग पडत, पण ते दात सहसा किडत नसत. पाण्यातील जास्त फ्लोराइड हे त्या डागांचे कारण आहे, हे १९३१ मध्ये कळले. पुढे लक्षात आले की, फ्लोराइड थोड्या प्रमाणात मिळाले तर डाग न पडता दाताचे आवरण बळकट होते. म्हणून आज दंतवैद्य फ्लोराइड असलेली टूथपेस्ट वापरायला सांगतात. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी टूथपेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर टूथपेस्ट दाखवतात, तिकडे लक्ष देऊ नका. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांत विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड फार असते. तेथे पाणी तपासून घेणे अधिक गरजेचे असते.

दात सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा घासावेत. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही घेऊ नये. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांचे हात नीट वळत नाहीत, म्हणून मोठ्यांनी त्यांचे दात घासून द्यावेत. आणि महाराष्ट्रातील घराघरांत शिरलेल्या मशेरीबद्दल सांगायलाच हवे. ती दंतमंजन नाही. ती भाजलेली तंबाखू आहे. तिने दात स्वच्छ होत नाहीत. तिची चटक लागते, हिरड्या बिघडतात आणि तोंडाचा कर्करोगही होऊ शकतो. घरी कोणी मशेरी लावत असेल, तर ही माहिती त्यांना जरूर वाचून दाखवा.

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. डॉ. अहमद यांचे जन्मगाव सीमेपलीकडे गेले, पण ते कलकत्त्यातच राहिले. आपल्या कष्टांच्या पैशांवर उभे केलेले महाविद्यालय त्यांनी १९४९ मध्ये सरकारच्या स्वाधीन केले. ते विकून त्यांना धनवान होता आले असते. पुढे ते पश्चिम बंगालचे मंत्री झाले. त्यांनी शेती, सहकार अशी खाती सांभाळली. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला आणि १९६५ मध्ये ते वारले.

कलकत्त्याला आता कोलकाता म्हणतात. तेथे शियालदह स्टेशनपासून जवळच, आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्यावर त्यांचे महाविद्यालय आहे. त्याला आता डॉ. आर. अहमद यांचे नाव दिले आहे.