फ्लेमिंगचा दिवा

दहावीला विज्ञानाच्या तासाला डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट काटकोनात धरून आम्ही फ्लेमिंगचा नियम घोकला होता. ज्याच्या नावाचा तो नियम, तो कोणी हाडामांसाचा माणूस असेल हे मनातही आले नव्हते. पुढे कला शाखेला आलो आणि विज्ञानाशी संबंध संपला असे वाटले. पण गेल्या दिवाळीत आबांचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला, आणि हे गृहस्थ आमच्या ओसरीवर येऊन बसले.

आबा म्हणजे माझे आजोबा. शिक्षण चौथीपर्यंत. पंचक्रोशीतल्या लग्नांत आणि सप्त्यांत पूर्वी त्यांचाच भोंगा वाजे. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर काचेच्या व्हॉल्व्हचा, चांगला मणभर वजनाचा. तालुक्याच्या मेकॅनिकने उघडून सांगितले की रेक्टिफायर व्हॉल्व्ह गेला. आता जुना व्हॉल्व्ह कुठून तरी शोधून आणा, नाहीतर त्याच्या जागी पाच-दहा रुपयांचे सिलिकॉनचे डायोड टाकतो. आबांनी माझ्याकडे पाहिले. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मला सगळे ठाऊक असणार अशी त्यांची समजूत! ती मोडायचा धीर होईना, म्हणून ग्रंथालय गाठले.

जॉन अँब्रोस फ्लेमिंग यांचा जन्म 29 नोव्हेंबर 1849 रोजी इंग्लंडमधील लँकेस्टर येथे झाला. वडील धर्मोपदेशक, भावंडे सात, त्यांत हे थोरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत असताना पैशाअभावी शिक्षण मध्येच थांबले आणि त्यांनी शेअरदलालांच्या कचेरीत कारकुनी धरली. दिवसा कारकुनी आणि रात्री अभ्यास करून 1870 मध्ये त्यांनी पदवी मिळवली. पुढे शाळामास्तरकी करून पै-पै साठवली आणि 1877 मध्ये, सत्तावीस-अठ्ठावीसच्या वयात, ते केंब्रिजला गेले. तिथे मॅक्सवेलसारखा गुरू लाभला. त्या थोर माणसाच्या अखेरच्या व्याख्यानांना कधी कधी एकदोघेच श्रोते असत, त्यांतले एक फ्लेमिंग. (हा भाग मी दोनदा वाचला. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी किराणा दुकानात हिशेब लिहिणे, हा माझाही दिनक्रम आहे.)

1882 च्या सुमारास ते एडिसनच्या लंडनमधील दिव्याच्या कंपनीचे सल्लागार झाले. त्या दिव्यांची काच आतून काळी पडे. दिव्यात एक जादा पत्रा बसवला, तर तापलेल्या तारेकडून पोकळीतून त्या पत्र्यापर्यंत वीज जाते, उलट मात्र येत नाही, असे दिसले होते. फ्लेमिंगनी त्यावर प्रयोग केले, निबंध वाचले आणि दिवे कपाटात ठेवून दिले. 1885 पासून ते आपल्याच जुन्या कॉलेजात प्राध्यापक होते. तिथे त्यांनी एकेचाळीस वर्षे शिकवले.

1899 मध्ये मार्कोनीने त्यांना सल्लागार नेमले. 1901 च्या डिसेंबरात अटलांटिक ओलांडून संदेश गेला, तो धाडणाऱ्या पोल्डू येथील केंद्राची यंत्रणा फ्लेमिंगनी आखलेली. नाव मात्र मार्कोनीचे झाले.

आता मुख्य गोष्ट. फ्लेमिंगना ऐकू कमी येई आणि वय वाढले तसे ते आणखी कमी होत गेले. बिनतारी संदेश कानाला लावून ऐकणे त्यांना जड जाई. तो डोळ्यांना दिसावा, आरशाच्या गॅल्व्हानोमीटरवर प्रकाशाचा ठिपका हलावा, असे त्यांना वाटे. पण संदेशाची वीज क्षणात इकडे, क्षणात तिकडे धावणारी; काटा हलणार कसा? तिला एकाच दिशेने जाऊ देणारे दार हवे होते. 1904 च्या ऑक्टोबरात त्यांना कपाटातले ते जुने दिवे आठवले. ते काढून जोडले, आणि ठिपका हलला. 16 नोव्हेंबर 1904 रोजी पेटंटचा अर्ज गेला. हाच पहिला व्हॉल्व्ह.

गंमत अशी, की त्याच वर्षी 29 मार्चला आपल्या जगदीशचंद्र बोसांना गॅलेना नावाच्या खनिजाच्या स्फटिकावर अमेरिकन पेटंट मिळाले होते. म्हणजे काचेचा दिवा आणि घन स्फटिक हा मेकॅनिकने आमच्यापुढे टाकलेला पेच मुळातच तितका जुना! संदेश टिपण्याच्या कामात पुढे स्वस्त स्फटिकानेच बाजी मारली. फ्लेमिंगच्या दिव्याला चाकरी मिळाली ती रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यात, घरची उलटसुलट वीज सरळ करण्याची. सिलिकॉनचे डायोड आल्यावर तीही गेली. फेंडर कंपनीच्या प्रसिद्ध बासमन अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जीझेड 34 हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह होता. 1963 च्या ट्विन रिव्हर्बमध्ये डायोड आले.

फ्लेमिंगना पेटंटातून पैसा मिळाला नाही, कारण हक्क मार्कोनी कंपनीचे. ली डी फॉरेस्टने 1906 मध्ये त्या दिव्यात तिसरा भाग घातला आणि वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले. 1943 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लेमिंगचे तिथले पेटंटच रद्द ठरवले. तेव्हा ते त्र्याण्णव वर्षांचे होते. 1929 मध्ये सर ही पदवी मिळाली होती, तेवढेच समाधान. 18 एप्रिल 1945 रोजी ते वारले.

आबांना मी दोन्ही बाजू सांगितल्या. डायोड तापत नाही, झिजत नाही, त्यात जेमतेम एक व्होल्ट खर्ची पडतो. आमच्या 5 यू 4 व्हॉल्व्हमध्ये पूर्ण भाराला 40 ते 50 व्होल्ट पडतात. त्यामुळे आवाज एकदम चढला की दाब किंचित खचतो आणि सावकाश सावरतो. जुन्या यंत्राचा तो मऊपणा गिटारवाले आजही पैसे मोजून शोधतात. पण नुसता डायोड टाकला तर तो वाचलेला दाब जुन्या कपॅसिटरांवर आणि बाकीच्या व्हॉल्व्हवर पडेल. मग सोबत रेझिस्टर घालावा लागेल.

आबांनी निम्मेच ऐकले असावे; चाळीस वर्षे भोंग्याखाली बसून त्यांचेही कान गेले आहेत. बटण दाबले की बाकीचे व्हॉल्व्ह तापण्याआधी मागच्या कोपऱ्यातला तोच दिवा ठळक उजळायचा, त्यावरून यंत्र चालू झाल्याचे त्यांना कळायचे. तो राहणार का, एवढेच त्यांनी विचारले.

मी मेकॅनिकला व्हॉल्व्ह शोधायला सांगितले आहे. दुकानातून दोन महिन्यांची उचल घेतली.