पहिली सुई स्वतःला

शेगावच्या वारीला निघालेल्या मुंडगावच्या पुंडलिकाला वाटेत प्लेगची गाठ आली, ही गजानन महाराजांच्या चरित्रातली कथा बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. प्लेगचे नाव काढताच गावेच्या गावे ओस पडून माणसे रानात झोपड्या घालून राहत, तो हा काळ. या रोगावर लस शोधणारा माणूस मात्र फार दूरच्या मुलखातला होता. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन.

१८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा गावी एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याने पटकीची लस तयार केली आणि १८९२ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ पासून तो हिंदुस्थानात गावोगाव ती लस टोचत फिरला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हाफकिन ऑक्टोबरात मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला थोडी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. मांसाच्या रश्श्यावर आपल्या घरातले तूप तरंगत ठेवून त्याने प्लेगचे जंतू वाढवले, मग उष्णतेने मारले. १० जानेवारी १८९७ रोजी ही लस त्याने स्वतःला टोचून घेतली. ताप चढला, टोचलेली जागा ठणकू लागली. पण काम थांबले नाही.

त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. लस न घेतलेल्यांत मृत्यू झाले. घेतलेले बहुतेक बचावले. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते. लोकांच्या मनात रोगाइतकीच सरकारी सक्तीचीही धास्ती होती. अशा वेळी लस देणाऱ्याने ती आधी आपल्याच अंगात घेतली, ही गोष्ट मोलाची ठरली.

पण दैव फिरले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. ठपका हाफकिनवर आला, नोकरी गेली. पुढे कळले की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरून हिंदुस्थानात परतला. पण हरवलेली वर्षे परत मिळाली नाहीत. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे तो वारला. त्याआधीच, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव मिळाले होते.

आज बुरशीवरची नवी गोळीसुद्धा रोग्याआधी धडधाकट स्वयंसेवकांना थोडक्या मात्रेत देतात. ती रक्तात किती चढते, किती वेळ टिकते, काय त्रास देते ते तपासतात. कैद्याची संमती खरोखर मोकळी असते का, हा प्रश्नही आता विचारला जातो. २०१९ च्या नियमांनुसार आपल्याकडे लेखी संमती आणि नीतिसमितीची मंजुरी आवश्यक आहे. औषधाची पुडी सोडताना आपण किंमत पाहतो. तिच्यामागे कुणा निरोगी माणसाने आपला दंड पुढे केलेला असतो, एवढे लक्षात असावे.