डॉ. शं. पु. आघारकर : अनामिकांचा शोध घेणारे शास्त्रज्ञ

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नावातील साम्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. आगरकर समाजसुधारक, तर आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ.

डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ साली मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते तेथेच जीवशास्त्र शिकवू लागले. सुट्टीत सह्याद्री पालथा घालावा, वनस्पती व प्राण्यांचे नमुने गोळा करावेत, हा त्यांचा छंद. अशाच भटकंतीत सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या खोऱ्यात, त्यांना गोड्या पाण्यातला चिमुकला जेलीफिश सापडला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे डॉ. अ‍ॅनंडेल यांनी १९११ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे नाव पडले लिम्नोक्निडा इंडिका. या कुळातील प्राणी तोपर्यंत फक्त आफ्रिकेतच ठाऊक होते, त्यामुळे या शोधाची चर्चा परदेशातही झाली.

१९१४ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक नेमले. उच्च अभ्यासासाठी ते जर्मनीत गेले आणि महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले. पण पुढे सुटका होताच अभ्यास सुरू करून त्यांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळवली. नंतर १९४६ पर्यंत कलकत्त्यात त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या.

निवृत्तीनंतर स्वस्थ बसणे त्यांना जमले नाही. १९४६ सालीच पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. लॉ कॉलेजच्या इमारतीत सुरू झालेली ही संस्था संस्थापक संचालक म्हणून त्यांनी १९६० साली निधन होईपर्यंत सांभाळली. १९९२ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले.

नवी जात सापडली एवढ्याने काम संपत नाही. नमुना जपणारी जागा नसेल, तर दुसऱ्याला तो पडताळता येत नाही. हे काम किती महत्त्वाचे, ते यीस्टच्या उदाहरणावरून कळते. पाव फुगवणारे यीस्ट आपल्या परिचयाचे. ती एक बुरशीच. पण फुलांच्या मकरंदात आणि कीटकांच्या पोटातही रानटी यीस्ट असतात. मधमाश्या त्यांना एका फुलावरून दुसऱ्यावर नेतात. मेट्श्निकोविया हे त्यांतलेच एक कूळ. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक यीस्ट सारखेच दिसतात. म्हणून आता जनुकातील ठराविक तुकडा वाचून तो जतन केलेल्या नमुन्यांशी ताडतात. साधारण एक टक्क्याहून अधिक फरक दिसला, तर जात नवी असण्याची शक्यता असते. ताडायला जुना नमुनाच नसेल, तर नवे कशाला म्हणायचे?

असा बुरशींचा राष्ट्रीय संग्रह २००८ पासून आघारकर संस्थेतच आहे. जेलीफिश शोधणाऱ्या तरुणाने उतारवयात लावलेल्या रोपाचा हा विस्तार.

नोएडात आपण बोटॅनिकल गार्डन स्थानकावर मेट्रो बदलतो. ज्या उद्यानावरून त्याला नाव मिळाले, तिथे मुलांना एकदा अवश्य न्यावे. एखाद्या फुलात डोकावून पाहायला सांगावे. मालवणच्या या सुपुत्राला तेच खरे अभिवादन ठरेल.