एक स्क्रू ड्रायव्हर निसटला अन् प्रयोगशाळेतलं हाताचं काम मोटरकडे गेलं

२०२३ साली 'ओपेनहायमर' सिनेमा आला आणि लॉस अलामोस हे नाव आपल्याकडेही सगळ्यांना माहीत झालं. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या डोंगराळ पठारावरची ही गुप्त प्रयोगशाळा. जगातला पहिला अणुबॉम्ब इथेच तयार झाला. ओपेनहायमर, फर्मी, फाइनमन अशी मोठमोठी नावं या जागेशी जोडलेली आहेत.

या गर्दीत एक नाव मागे पडतं. लुईस स्लॉटिन.

बॉम्बचा गाभा स्वतःच्या हातानं जोडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच हातातून एक स्क्रू ड्रायव्हर निसटला आणि ३५ व्या वर्षी त्याचा जीव गेला. धोकादायक वस्तू हातानं हलवायच्या नाहीत, माणसानं लांब बसायचं आणि हलवण्याचं काम यंत्रानं करायचं, हा नियम लॉस अलामोसमध्ये कायमचा पक्का झाला तो त्याच्या मृत्यूनंतर.

तर हा स्लॉटिन कोण होता आणि त्या दिवशी नक्की काय घडलं, ते बघू.

विनिपेगचा हुशार पोरगा

लुईस स्लॉटिनचा जन्म १ डिसेंबर १९१० रोजी कॅनडातल्या विनिपेग शहरात झाला. आईवडील ज्यू. रशियात ज्यूंवर हल्ले होत होते, म्हणून जीव वाचवून कॅनडात आलेलं हे कुटुंब. तीन भावंडांत लुईस सगळ्यात मोठा.

अभ्यासात तो इतका पुढे होता की वयाच्या १५ व्या वर्षीच मॅनिटोबा विद्यापीठात दाखल झाला. १९३२ मध्ये बीएससी, १९३३ मध्ये एमएससी. मग लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून १९३६ मध्ये त्यानं डॉक्टरेट मिळवली. तिथं असताना हा चष्मा लावणारा, शांत दिसणारा मुलगा कॉलेजच्या बॉक्सिंग स्पर्धेत बँटमवेट गटात विजेता ठरला होता.

१९३७ मध्ये तो शिकागो विद्यापीठात आला. तिथं सायक्लोट्रॉन उभारण्याचं काम चालू होतं. सायक्लोट्रॉन म्हणजे भल्यामोठ्या चुंबकाच्या मदतीनं अणूतले कण वेगानं फिरवणारं यंत्र. या कामाचा पगार इतका तुटपुंजा होता की सुरुवातीची दोन वर्षं वडिलांना घरून पैसे पाठवावे लागले. पण स्लॉटिन चिकटून राहिला. यंत्र हातानं जोडायचं, बिघडलं तर हातानंच दुरुस्त करायचं, ही सवय त्याला इथं लागली.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि शिकागोतले अनेक शास्त्रज्ञ अणुबॉम्बच्या कामात ओढले गेले. स्लॉटिनही त्यात आला. आधी टेनेसीतल्या ओक रिजला आणि तिथून डिसेंबर १९४४ मध्ये लॉस अलामोसला.

ड्रॅगनच्या शेपटीला गुदगुल्या

लॉस अलामोसमध्ये स्लॉटिनकडे जे काम आलं ते समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

प्लुटोनियमचा अणू फुटला की त्यातून न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते दुसऱ्या अणूंवर आदळले की तेही फुटतात. गोळा लहान असेल तर बरेचसे न्यूट्रॉन बाहेर निसटून जातात आणि साखळी तुटते. पण गोळ्याभोवती बेरिलियमसारख्या धातूचं कवच ठेवलं तर बाहेर जाणारे न्यूट्रॉन उलटून आत येतात. कवच जितकं बंद, तितके जास्त न्यूट्रॉन आत. एका ठरावीक क्षणी ही साखळी स्वतःच्या बळावर चालू लागते. त्या स्थितीला क्रिटिकल म्हणतात. त्याच्याही जरा पुढे गेलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत प्राणघातक किरणोत्सर्ग बाहेर पडतो.

बॉम्ब बनवणाऱ्यांना ही सीमारेषा नेमकी कुठे आहे ते मोजायचं होतं. त्यासाठी कवचाचे भाग थोडे थोडे जवळ आणायचे, न्यूट्रॉन मोजणाऱ्या काउंटरकडे कान ठेवायचा आणि सीमेच्या अलीकडे थांबायचं. झोपलेल्या ड्रॅगनच्या शेपटीला गुदगुल्या करण्यासारखा हा प्रकार आहे, असं फाइनमन म्हणायचे आणि तेच नाव या प्रयोगाला पडलं. आपल्याकडे याला विषाची परीक्षा म्हणतात.

स्लॉटिन यात तरबेज झाला. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जगातला पहिला अणुस्फोट झाला, त्या ट्रिनिटी चाचणीच्या बॉम्बचा गाभा जोडण्याचं काम त्यानंच केलं होतं.

पहिला इशारा

जपाननं शरणागतीची घोषणा केली तेव्हा लॉस अलामोसमध्ये प्लुटोनियमचा आणखी एक गोळा तयार होता. वजन ६.२ किलो, व्यास फक्त ८.९ सेंटीमीटर. म्हणजे साधारण मोठ्या संत्र्याएवढा.

२१ ऑगस्ट १९४५ च्या रात्री हॅरी डॅगलियन हा २४ वर्षांचा शास्त्रज्ञ या गोळ्याभोवती टंगस्टन कार्बाइडच्या विटा रचत होता. तो एकटाच काम करत होता, सोबतीला फक्त एक सुरक्षारक्षक. शेवटची वीट ठेवताना काउंटरचा आवाज वाढला. त्यानं हात मागे घ्यायला गेला आणि वीट हातातून सुटून थेट गोळ्यावर पडली. २५ दिवसांनी डॅगलियन गेला.

त्या दिवसांत स्लॉटिन त्याला भेटायला हॉस्पिटलमध्ये जात होता. आपल्याच कामातला सहकारी डोळ्यांदेखत कसा संपतो, हे त्यानं पाहिलं.

या अपघातानंतर नियम कडक झाले. एकट्यानं प्रयोग करायचा नाही. किमान दोन काउंटर हवेत, त्यांचा आवाज ऐकू आला पाहिजे. दुरून चालवता येतील अशी यंत्रं बनवण्याची चर्चाही तेव्हाच सुरू झाली.

पण चर्चा चालू असतानाच हातानं प्रयोग करणंही चालूच राहिलं. असं करत राहिलास तर वर्षभरात मरशील, असा इशारा एन्रिको फर्मी यांनी स्लॉटिनला दिला होता, असं सांगितलं जातं.

२१ मे १९४६, दुपारी ३ वाजून २० मिनिटं

एव्हाना स्लॉटिनला हे काम सोडायचं होतं. युद्ध संपलं होतं, त्याला परत शिकागोला जाऊन संशोधन करायचं होतं. त्याची जागा घेणारा शास्त्रज्ञही ठरला होता, ॲल्व्हिन ग्रेव्ह्ज. त्या दुपारी स्लॉटिन त्याला प्रयोग करून दाखवत होता. खोलीत स्लॉटिन धरून आठ जण होते.

टेबलावर डॅगलियनचा जीव घेणारा तोच प्लुटोनियमचा गोळा. तो बेरिलियमच्या अर्ध्या वाटीत ठेवलेला. वरून तशीच दुसरी वाटी पालथी घालायची होती. वरच्या वाटीला भोक होतं, त्यात डाव्या हाताचा अंगठा घालून स्लॉटिननं ती धरली होती. वाटीची एक कड खालच्या वाटीवर टेकलेली आणि दुसरी कड वर राहावी म्हणून मध्ये स्क्रू ड्रायव्हरचं टोक. ते टोक फिरवत तो फट कमी-जास्त करत होता.

खरं तर दोन्ही वाट्या पूर्ण मिटू नयेत म्हणून मध्ये ठोकळे ठेवायची पद्धत होती. ते ठोकळे त्यानं काढून ठेवले होते. हा प्रयोग त्यानं याआधी अनेकदा असाच केला होता आणि दरवेळी जमला होता.

यावेळी स्क्रू ड्रायव्हर निसटला. वरची वाटी खाली बसली.

खोलीत निळसर प्रकाश चमकला, गरम झोत जाणवला. स्लॉटिननं क्षणात वरची वाटी उचलून जमिनीवर फेकली. गोळा तापून प्रसरण पावला तेव्हाच पहिला भडका ओसरला होता. पण वाटी तशीच राहिली असती तर साखळी पुन्हा चालू राहिली असती. ग्रेव्ह्ज अगदी त्याच्या खांद्यामागून वाकून बघत होता. मध्ये स्लॉटिनचं शरीर आलं आणि त्यामुळे ग्रेव्ह्जला बसलेला मारा बराच कमी झाला.

आपलं काय होणार हे डॅगलियनला पाहिलेल्या माणसाला सांगायची गरज नव्हती. तरी स्लॉटिननं अपघाताच्या वेळी खोलीत कोण कुठे उभं होतं याचा आराखडा काढला. कुणाला किती किरणोत्सर्ग लागला याचा हिशेब डॉक्टरांना त्यावरून करता येणार होता.

बिल्डिंगमधून बाहेर पडताच त्याला उलटी झाली. हातावर फोड आले, मग शरीर आतून निकामी होत गेलं. सहकाऱ्यांनी रक्त दिलं. लष्करानं खास विमानानं विनिपेगहून आईवडिलांना आणलं. नऊ दिवसांनी, ३० मे १९४६ रोजी, स्लॉटिननं प्राण सोडला. बाकीचे सातही जण त्यातून वाचले.

चूक हाताची की पद्धतीची?

स्लॉटिनला निष्काळजी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ठोकळे काढणं ही चूक होतीच. पण ज्याला या कामातलं सगळ्यात जास्त कळत होतं त्याच्याच हातून हे झालं. म्हणजे हात कितीही कसलेला असला तरी कधी ना कधी तो निसटणारच, हे धरून चालायला हवं होतं.

त्या मांडणीत आणखी एक मोठा दोष होता. जड वाटी वर होती आणि तिला खाली पडण्यापासून फक्त एक हात अडवत होता. काहीही बिघडलं, हात थरथरला, शिंक आली, पाय घसरला, तरी वाटी मिटण्याच्याच दिशेनं जाणार होती. गुरुत्वाकर्षण धोक्याच्या बाजूनं काम करत होतं.

स्लॉटिनच्या मृत्यूनंतर लॉस अलामोसमध्ये हातानं असे प्रयोग करणं बंद झालं. पजारिटो कॅन्यनमध्ये नवी व्यवस्था उभी राहिली आणि १९४७ पासून तिथं दुरून प्रयोग सुरू झाले. यंत्र एका बिल्डिंगमध्ये आणि चालवणारे साधारण पाव मैल, म्हणजे ४०० मीटर दूर कंट्रोल रूममध्ये.

या यंत्रांमागचा विचार साधा आहे.

पहिली गोष्ट, भाग हलत असताना जवळ माणूस नको. आधी सगळ्यांनी बाहेर यायचं, आवार रिकामं झाल्याची खात्री करायची आणि मगच यंत्राला हलवण्याची परवानगी मिळायची.

दुसरी गोष्ट, जवळ येताना हळू, दूर जाताना झटकन. शेवटचं अंतर कापताना भाग अगदी कणाकणानं सरकतात. थोडं सरकायचं, थांबायचं, काउंटरचा आकडा स्थिर झाला की पुढे.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, बिघाड झाला तर भाग आपोआप वेगळे झाले पाहिजेत. म्हणून अनेक यंत्रांत खालचा भाग वर उचलला जातो. धोक्याची खूण मिळाली किंवा वीज गेली की तो स्वतःच्या वजनानं खाली येतो. ज्या गुरुत्वाकर्षणानं स्लॉटिनचा घात केला, त्यालाच इथं राखणीला बसवलं.

गोडायव्हाची परीक्षा

या व्यवस्थेची कसोटी लवकरच लागली. पजारिटोमध्ये गोडायव्हा नावाचं यंत्र होतं. युरेनियमचा उघडा गोळा तीन तुकड्यांत विभागलेला, तो दुरून जोडायचा. ३ फेब्रुवारी १९५४ रोजी चालवण्यात चूक झाली आणि साखळी हाताबाहेर गेली. १२ फेब्रुवारी १९५७ रोजी पुन्हा तसंच झालं, यावेळी जास्त जोरात. युरेनियमचे तुकडे वाकडे झाले, आधाराचे दांडे तुटले, यंत्र निकामी झालं.

दोन्ही वेळा जखमी झालेल्यांची संख्या होती शून्य.

यंत्र आलं म्हणून चुका थांबल्या नाहीत, हे इथं लक्षात घ्यायला हवं. चूक झाली तेव्हा माणूस ४०० मीटर लांब होता आणि नुकसान धातूचं झालं, एवढाच फरक. पण १९४६ मध्ये तेवढ्याच फरकानं एक जीव वाचला असता.

आज मोठ्या प्रयोगशाळांमध्ये टनावारी वजनाची उपकरणं मोटरवर सरकतात. तिथंही याच प्रश्नांची उत्तरं आधी शोधली जातात. हलताना आत कुणी अडकलं नाही ना? ठरलेल्या हद्दीपुढे गेलं तर स्वतःहून थांबवणारा लिमिट स्विच आहे ना? लाल बटण हाताशी आहे ना? आणि ऐनवेळी वीज गेली तर हे धूड कुठल्या बाजूला जाईल?

स्लॉटिनला २ जून १९४६ रोजी विनिपेगमध्ये दफन करण्यात आलं. दोन जीव घेतलेल्या त्या गोळ्याला पुढे डीमन कोअर, म्हणजे राक्षसी गाभा, असं नाव पडलं. त्याच वर्षी तो वितळवून त्यातलं प्लुटोनियम दुसरीकडे वापरलं गेलं. २००२ मध्ये एका लघुग्रहाला स्लॉटिनचं नाव देण्यात आलं.