रमाबाई रानडे आणि न्हाव्याची शिकवणी



यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहा, असे मंडळाने मला सांगितले, तेव्हा रमाबाई रानड्यांचेच नाव मनात आले. पुण्यात १९०९ साली त्यांनी काढलेल्या सेवासदनाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी लिहिते ते त्यांच्या भाषा शिकण्याविषयी. त्याला आमच्या आळीतील एक गोष्ट कारण झाली, ती शेवटी सांगेन.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांच्या घरी झाला. १८७३ साली माधवराव रानड्यांशी लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, आणि अक्षरओळखही नव्हती. रात्री माधवराव शिकवीत आणि दिवसा घरातील वडीलधाऱ्या बायकांची बोलणी ऐकावी लागत. पुढे इंग्रजी सुरू झाले, तेव्हा तर घरात सोवळ्याओवळ्याचाही तंटा उभा राहिला. पुण्यात मुलींचे हायस्कूल व्हावे म्हणून गव्हर्नरसाहेबांपुढे सभा भरली, तीत रमाबाईंनी इंग्रजीत मागणीपत्र वाचले. १८८४ साली ती शाळा, म्हणजे हुजूरपागा, निघाली. पण त्या दिवशी घरी परतल्यावर त्यांच्या वाट्याला टोमणेच आले. परकी भाषा चारचौघांत तोंडातून काढायची आणि वर घरच्यांचे ऐकून घ्यायचे, हे सोपे नव्हे. मला तर मराठीत आभार मानतानाही घाम फुटतो!

१८८६ साली सरकारी समितीच्या कामासाठी माधवरावांना कलकत्त्यास राहावे लागले. रमाबाई बरोबर होत्या. तेथील बंगाली वर्तमानपत्र दोघांनाही वाचता येईना. माधवरावांनी लगेच बंगालीची पुस्तके आणली. एके सकाळी रमाबाईंना ते कोणाशी तरी बोलत असल्याचे ऐकू आले. पाहतात तो न्हावी हजामत करतो आहे, आणि हातात पुस्तक धरून माधवराव त्यालाच उच्चार आणि अर्थ विचारताहेत! चुकले की तो सुधारी. एवढे मोठे विद्वान न्हाव्यासमोर मुळाक्षरे घोकताहेत, हे पाहून रमाबाईंना हसू लोटले. त्यांनी गुरूविषयी थट्टा केली, तेव्हा माधवरावांनी दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंची आठवण दिली. मग त्यांनी रमाबाईंनाही बंगाली शिकविली. हा प्रसंग रमाबाईंनीच १९१० साली आपल्या आठवणींत लिहिला आहे. आपण हसलो तेही त्यांनी लपविले नाही, म्हणून मला त्या अधिक आवडतात. १९२४ साली त्या वारल्या.

आता आमच्या आळीची गोष्ट. सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या घरातील एक मुलगी केमला सून म्हणून आली. ती मराठी बोलताना ‘तो भाजी’, ‘ती पाट’ म्हणे आणि हळदीकुंकवाला आम्ही साऱ्या खो-खो हसत असू. हसणाऱ्यांत मीही पुढेच. हळूहळू ती बोलेनाशी झाली. कुंकू लावून घेई, वाण घेई आणि मुकाट्याने निघून जाई. आम्हाला वाटे, स्वभावच तसा.

रमाबाईंच्या आठवणी वाचल्या आणि मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले आणि तेलुगू शिकव म्हटले. तिने पहिला शब्द सांगितला, ‘पालु’, म्हणजे दूध. मला भिंतीवरचीच पाल दिसली आणि मी दचकून वर पाहिले. त्या दिवशी ती पोट धरून हसली. पुढच्या संक्रांतीला सर्वांदेखत मी तिच्याकडे तेलुगूत पाणी मागितले, तेही चुकीचे. तिने आधी मला सुधारले, मग मराठीत पाणी हवे का विचारले, आणि त्यातही एक चूक केली.