खाशाबांची तालीम

मुलांनो, तालीम हा शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र तालीम म्हणजे कुस्ती शिकण्याची जागा. तेथे कुस्ती शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. तुमचा उस्तादच मराठीत वस्ताद झाला आहे! आपल्या धाराशिव जिल्ह्यात जत्रा आणि उरूस भरले की कुस्त्यांचे फड रंगतात. तुम्हीही ते पाहिले असतील. आज तुम्ही ज्या पैलवानाची गोष्ट वाचणार आहात, त्याला दोन्ही प्रकारची तालीम मिळाली. त्याचे नाव खाशाबा जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात झाला. कराडजवळचे गोळेश्वर हे त्यांचे गाव. वडील दादासाहेब शेतकरी होते आणि पैलवानही होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. कुस्तीचे पहिले डाव ते घरीच शिकले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. शाळेत असताना त्यांचा अभ्यास आणि मेहनत दोन्ही चालू होते.

पुढे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. तेथे वार्षिक क्रीडास्पर्धा होत्या. खाशाबांना कुस्तीत भाग घ्यायचा होता. पण त्यांची उंची कमी होती आणि अंगही पैलवानासारखे भरलेले दिसत नव्हते. खेळाच्या शिक्षकांना वाटले, हा मुलगा काय कुस्ती करणार? त्यांनी खाशाबांना नकार दिला.

येथे थोडा वेळ थांबा. तुमच्या वर्गातही असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. सगळे मैदानावर असतात आणि ते मूल कडेला बसून राहते. त्याला जमणार नाही, असे सर्वांनी ठरवलेले असते. हळूहळू त्यालाही तसेच वाटू लागते. मग त्याचे मन खेळात लागत नाही आणि अभ्यासातही लागत नाही. खाशाबांचेही असे झाले असते, तर आज तुम्ही हा धडा वाचला नसता.

खाशाबा निराश होऊन खोलीवर गेले नाहीत. ते थेट प्राचार्यांकडे गेले. बॅरिस्टर खर्डेकर हे त्या वेळी प्राचार्य होते. त्यांनी मुलाच्या उंचीकडे पाहिले नाही, त्याची इच्छा पाहिली आणि परवानगी दिली. खाशाबा आखाड्यात उतरले. आपल्यापेक्षा धिप्पाड पैलवानांना त्यांनी एकामागून एक हरवले. एका परवानगीने त्यांची वाट मोकळी झाली.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक स्पर्धा होत्या. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि खाशाबा लंडनला गेले. तेथे कुस्ती मातीवर नव्हती, गादीवर होती. खाशाबांनी गादीवर कधी कुस्ती केली नव्हती. गादीवर पाय वेगळ्या रीतीने रोवावे लागतात आणि नियमही वेगळे असतात. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी प्रशिक्षकांनी त्यांना शिकवले. देश वेगळा, भाषा वेगळी. पण शिकवणारा मनापासून शिकवत होता आणि शिकणारा मनापासून शिकत होता. खाशाबा ५२ किलो वजनाच्या गटात सहावे आले. पदक मिळाले नाही, पण आपण कोठे कमी पडतो हे त्यांना कळले. परत येऊन त्यांनी आणखी कसून मेहनत सुरू केली.

चार वर्षांनी फिनलंड देशातील हेलसिंकी शहरात ऑलिंपिक स्पर्धा ठरल्या. खाशाबांची तयारी होती, पण जवळ पैसे नव्हते. त्यांनी गावात लोकांकडे मदत मागितली. लोकांनी जमेल तेवढे दिले, तरी ते पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी काय केले असेल? त्यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकले आणि ७,००० रुपये उभे केले. गहाण टाकणे म्हणजे कर्जासाठी आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे. विद्यार्थी हरला असता तर घर जाण्याची भीती होती. तरी त्यांनी विश्वास ठेवला.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनाच्या गटात लढले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना त्यांनी हरवले. शेवटी सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव्ह आणि जपानचा शोहाची इशी यांच्याकडून ते हरले. इशीला सुवर्णपदक, रशीदला रौप्यपदक आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारतातील एका खेळाडूने एकट्याने मिळवलेले हे पहिले ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला ४४ वर्षे लागली. १९९६ साली लिएंडर पेसने ते टेनिसमध्ये मिळवले.

खाशाबा परत आले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत मिरवणूक निघाली. तीत शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या. पण खाशाबा या आनंदात आपले कर्ज विसरले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली आणि मिळालेल्या पैशातून गुरूंचे घर सोडवले.

१९५५ साली ते मुंबई पोलिसांत फौजदार झाले आणि पुढे सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. हयातीत त्यांना म्हणावा तसा मान मिळाला नाही. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मृत्यूनंतर मिळाला. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

अशी माणसे दूरच्या गावीच होतात असे समजू नका. धाराशिवची खो-खोपटू सारिका काळे हिच्या घरी गरिबी होती. एकदा तर खेळ सोडून द्यावा असे तिच्या मनात आले. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिला धीर दिला आणि ती पुन्हा मैदानावर आली. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

मुलांनो, उद्या खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेकडे एकदा पाहा. तेथे कोणी एकटे बसले असेल तर त्याला खेळायला बोलवा. आणि कडेला बसलेले तुम्हीच असाल, तर उठा आणि आपल्या सरांकडे किंवा बाईंकडे जा. खाशाबाही असेच उठून प्राचार्यांकडे गेले होते.

स्वाध्याय
१. खेळाच्या शिक्षकांनी खाशाबांना नकार का दिला?
२. प्राचार्य खर्डेकरांनी पैसे कसे उभे केले?
३. खाशाबांनी गुरूंचे कर्ज कसे फेडले?
४. उर्दूत आणि मराठीत अर्थ वेगळा असलेला ‘तालीम’सारखा आणखी एक शब्द शोधा व वाक्यात वापरा.