नाण्यांवरची वंशावळ : पंडित भगवानलाल इंद्रजी

मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात एका गुजराती पंडिताचे स्मरण कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. घर सोडून परमुलखात राहणाऱ्याने त्या भूमीला काय द्यावे, हा प्रश्न आपणा सर्वांचाच आहे. त्याचे एक उत्तर आम्हांस या चरित्रात सापडते.

भगवानलालांचा जन्म १८३९ साली जुनागढ येथे, वैद्यकी करणाऱ्या ब्राह्मण कुटुंबात झाला. तेथे गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर अशोक, महाक्षत्रप रुद्रदामन आणि स्कंदगुप्त या तिघांच्या राजवटींतले लेख कोरलेले आहेत. जेम्स प्रिन्सेपने उलगडलेल्या ब्राह्मी अक्षरांचा तक्ता हाती येताच या मुलाने ती शिळा स्वतःच वाचावयास आरंभ केला. अक्षरांच्या या ध्यासातूनच नाण्यांचा छंद जडला, तो जन्मभर सुटला नाही.

पश्चिम क्षत्रपांची चांदीची नाणी नखाएवढीच असतात. एका बाजूस राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस कडेने बारीक लेख. त्या लेखात राजाचे नाव असते, त्याच्या पित्याचेही असते. पुढच्या काळातील नाण्यांवर मुखवट्यामागे शकवर्षही आढळते. सराफाच्या तराजूत अशा नाण्याचे मोल ते काय! परंतु वाचणाऱ्याने ती ओळीने मांडली, तर विस्मृतीत गेलेल्या राजकुळाची वंशावळ डोळ्यांपुढे उभी राहते. भगवानलालांनी नाणी साठविली ती अशी वाचण्यासाठी.

१८६२ साली ते मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले. गोव्यातील मांद्रे गावचे हे विद्याव्यासंगी धन्वंतरी त्यांचे आश्रयदाते झाले आणि गुरूही. त्यांच्यासाठी भगवानलालांनी लेण्यांतील शिलालेखांचे ठसे घेतले, नेपाळपर्यंत प्रवास केला. १८६९ साली मथुरेस शीतलादेवीच्या एका ठाण्याच्या पायऱ्यांत बसविलेला सिंहशीर्षाचा दगड त्यांनी ओळखला. त्यावर खरोष्ठी लिपीत क्षत्रपांची नावे निघाली. १८७४ साली भाऊ दाजी निवर्तले. आधार तुटला, पण काम थांबले नाही.

जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेखांत प्राचीन अंकचिन्हे आहेत. अशा चिन्हांवरील त्यांचा लेख १८७७ साली प्रसिद्ध झाला. शिलालेखांतील अंक उमगले, की नाण्यांवरची वर्षेही बोलू लागतात. १८८२ साली त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. तेथे एकात एक ठेवलेले करंडक, बुद्धमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे मिळाले. इंग्रजीवर प्रभुत्व नसल्याने ते गुजरातीत लिहीत आणि इतर विद्वान भाषांतर करीत. तरीही १८८४ साली हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांस सन्माननीय डॉक्टरेट दिली.

१६ मार्च १८८८ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. मृत्युपत्रान्वये नाणी आणि मथुरेचा सिंहशीर्ष लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेला. हे वाचताना आम्हांस चुटपुट लागल्यावाचून राहत नाही. मात्र त्यांची हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आली; भाऊ दाजींचा हस्तलिखितसंग्रहही तेथेच आहे. पश्चिम क्षत्रपांवरील त्यांचा निबंध रॅप्सन यांनी संपादित करून १८९० साली प्रसिद्ध केला.

पुढे १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. ती क्षहरात क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला छाप उठविला होता. नाशिकच्या लेण्यातील लेख गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे सांगतो. भगवानलालांनी आस्थेने अभ्यासिलेल्या त्या लेखाला ही नाण्यांची साक्ष मिळाली; ती पाहावयास मात्र ते उरले नव्हते.

जन्माने जुनागढचे, कर्माने मुंबईचे असे हे पंडित. महाराष्ट्राच्या सातवाहनांची ओळख पटवून देणाऱ्यांत त्यांचे स्थान मोठे आहे. ज्या भूमीने आम्हांस आश्रय दिला तिची अक्षरे आम्हीही इतक्याच आस्थेने वाचावीत, एवढेच या स्मरणाच्या निमित्ताने म्हणावेसे वाटते.